सूप एक, वाडगे वेगळे

निपाणीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. पत्र म्हणजे हल्लीच्या रीतीप्रमाणे फोनवर आलेला मजकूर, पण चांगला लांबलचक आणि तक्रारींनी भरलेला, म्हणून मी त्याला पत्रच म्हणते. लेकाला परदेशी पद्धतीचं सॉसेज आणि पास्त्याचं दाट, दुधाळ सूप हवं होतं. बाईंनी गोव्याहून आलेली सॉसेजेस घेतली, ती शिजवून मॅकरोनी घातली, वरून दूध ओतलं आणि पाच मिनिटांत सगळं फाटलं. त्यात सासूबाईंनी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. 'दूध का फाटलं आणि सासूबाई का रुसल्या, दोन्हीचं उत्तर द्या,' असं बाईंनी लिहिलंय.

उत्तर देते. गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांवर उपाय एकच आहे. तो आमच्या घरात गेली दोन वर्षं, आठवड्यातून एकदा तरी, चालू आहे. पण आधी हे सूप आहे तरी काय ते पाहू, कारण नावावरून अनेकींचा गोंधळ होतो.

सूप मूळचं अमेरिकेतलं. 19व्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण इटलीतली लाखो माणसं पोटापाण्यासाठी अमेरिकेत गेली. त्यांच्यामुळे बडीशेप घातलेलं ताजं डुकराच्या मांसाचं सॉसेज तिथल्या घराघरांत पोचलं. तिथे त्याला क्रीमची जोड मिळाली. अमेरिकन हॉटेलांत 'झुप्पा तोस्काना' म्हणून जे सॉसेज, बटाटा आणि क्रीमचं सूप मिळतं, ते याच कुळातलं. खुद्द इटलीच्या तोस्काना भागातलं सूप मात्र पांढऱ्या घेवड्याच्या बिया, काळपट पालेभाजी आणि पाव यांचं असतं. त्यात क्रीमचा पत्ता नसतो. परदेशी गेलेला पदार्थ असा बदलतोच. आपल्या वडापावात बटाटा आणि पाव दोन्ही पोर्तुगीजांमुळे आले, हे आपण तरी कुठे लक्षात ठेवतो!

आणि सूपात पास्ता म्हटल्यावर नाक मुरडायचं कारण नाही. वरणफळं म्हणजे दुसरं काय? कणकेच्या लाटीच्या शंकरपाळ्या कापून उकळत्या आमटीत सोडायच्या आणि वर तूप घालून वाटीभर खायच्या. कोणी त्यांना चकोल्या म्हणतं. कुळथाच्या पिठाचे शेंगोळेही तसेच, रश्शातच शिजतात आणि रस्सा दाट करतात. गव्हाचं म्हणाल तर पास्ता ज्या कडक, पिवळसर ड्युरम गव्हाचा करतात तो आपल्याला परका नाही. आपण त्याला बन्सी म्हणतो. हुबळी-धारवाडकडे बन्सी रव्याचा उप्पीट आणि शिरा घरोघरी होतो. शेवयांसाठी म्हणजे शावगीसाठी आपल्याकडे बन्सी किंवा खपली, म्हणजे कानडीतली जवेगोधी, शोधतात ती एवढ्याचसाठी की शिजल्यावर त्यांचा लगदा होत नाही. चांगल्या मॅकरोनीची परीक्षाही हीच. पाकिटावर फक्त मैदा लिहिला असेल तर ती परत ठेवा. रवा किंवा ड्युरम गहू लिहिलेली आणा.

आता सॉसेजकडे येते, कारण बाईंचं दूध तिथेच फाटलंय.

अमेरिकेतल्या त्या सूपातलं सॉसेज ताजं असतं. आंबट नसतं, उन्हात वाळवलेलंही नसतं. आपल्याकडे गोव्याहून येतं ते चोरीस वेगळ्याच घराण्यातलं. पोर्तुगीजांच्या शोरिसूवरून हे नाव आलं, पण मसाला पुरता गोव्याचा. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे मिठात मुरवतात. मग लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्याला चोळतात. ते आतड्यात भरून, दोऱ्यानं बांधून उन्हात आणि धुरावर सुकवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. बारक्या मण्यांची माळ लांबून एखाद्याला जपमाळेसारखी वाटावी, असा तो थाट असतो.

व्हिनेगर आणि मीठ त्यात चवीसाठी नाही, टिकण्यासाठी आहे. गोव्यात पावसाळ्यात समुद्र खवळतो. आताही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा ताटात काहीतरी असावं म्हणून उन्हाळ्यात चोरीस, खारवलेले मासे, आमसुलं साठवून ठेवायची. या साठवणीला तिकडे पुरुमेंत म्हणतात. आपण बेगमी म्हणतो तीच ही. आपल्या आज्या चैत्र-वैशाखात सांडगे-पापड घालायच्या, तिकडच्या आज्या चोरीसच्या माळा सुकवायच्या.

बेळगावात हा पदार्थ आजचा नाही. गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं, म्हणजे 1961च्या डिसेंबरपर्यंत, तेव्हा तिकडची कितीतरी मुलं इंग्रजी शिक्षणासाठी बेळगाव-धारवाडला यायची. 1953 साली बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला तोही गोव्याच्या धर्मप्रांतातूनच वेगळा काढून. आमच्या समोरच्या बंगलीत राहणाऱ्या आंटी सांगतात की त्यांचे वडील शाळेसाठी गाडीनं लोंढ्यावरून बेळगावला यायचे, तेव्हा ट्रंकेत पुस्तकांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली सॉसेजची माळ असायची आणि सहामाहीपर्यंत वह्यांना व्हिनेगरचा वास यायचा. भाजी इकडून तिकडे जाते, सॉसेज तिकडून इकडे येतं. चोरला घाटातली ही देवाणघेवाण आपल्या घरात कधीच नवी नव्हती.

तर, दूध का फाटलं? व्हिनेगर म्हणजे आम्ल. आपण पनीर करताना उकळत्या दुधात लिंबू पिळतो, त्याचंच हे भावंड. दुधातली प्रथिनं आम्ल आणि उष्णता एकत्र आली की गोळा होतात. चोरीसच्या रश्शात व्हिनेगर आहे, मीठ आहे आणि तो रस्सा खळखळ उकळतोय. त्यात पातळ दूध ओतलं तर पनीर होणारच. बाईंचा दोष एवढाच की त्यांनी न ठरवता पनीर केलं.

हे टाळायचे तीन मार्ग आहेत. एक, दुधाऐवजी जास्त स्निग्धांशाचं क्रीम वापरायचं. त्यात प्रथिनं तुलनेनं कमी आणि चरबी जास्त, म्हणून ते सहसा फाटत नाही. बाजारातल्या अमूल फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के स्निग्धांश असतो. उकळी न आणता वापरलं तर ते चालतं. घरची साय मात्र जपून वापरा. तिच्यात दुधाची प्रथिनंही भरपूर असतात आणि गुठळ्या राहतात. दोन, दूध मैद्यात शिजवून घ्यायचं. पिठाचा स्टार्च प्रथिनांच्या कणांभोवती पसरतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. कढीला बेसन लावतो ते का, हे आपल्या आजीनं कधी असं समजावलं नसेल, पण कारण हेच. तिसरा मार्ग मला सगळ्यांत आवडतो. आंबट सॉसेज आणि दूध एकाच पातेल्यात उकळायचंच नाही. ते भेटतात ते थेट वाडग्यात.

हा तिसरा मार्ग दूध वाचवण्यासाठी निघाला नव्हता. तो आमच्या अत्तींमुळे निघाला.

सासूबाईंना आम्ही घरात अत्ती म्हणतो. मामंजी गेल्यावर बैलहोंगलजवळचं गावचं घर बंद करून त्या आमच्याकडे राहायला आल्या. माझं माहेर खानापूरकडचं, मासे-मटणावर पोसलेलं. आमच्या ह्यांना हॉस्टेलपासून सगळं चालतं. मुलं तर आंटींच्या घरी जेवून लहानाची मोठी झालेली. अत्तींचं मात्र आयुष्यभर शुद्ध शाकाहारी. भांडण म्हणून कधी झालं नाही. पण ज्या दिवशी घरात मटण, अंडी, मासे असतील त्या दिवशी संध्याकाळी साडेसहालाच त्या एकट्या मोसरु-अन्न म्हणजे दहीभात आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन घेत, वाटी विसळून पालथी घालत आणि खोलीचं दार लोटून घेत. कामावरून येऊन मी 'ऊटा आतेन्री?' विचारलं की आतून उत्तर यायचं, 'आत, आत.'

आठवड्यातून तीन-तीन दिवस दहीभात. दुसऱ्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वजन केलं आणि ते चार किलोंनी उतरलेलं निघालं. दुसरं काही निघालं नाही. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, विचारलं, 'अज्जी रात्री कुणाबरोबर जेवतात?'

आमच्या घरात त्यानंतर जे बदललं त्यात हे सूप मोठं. कारण नोकरी करून आल्यावर दोन स्वयंपाक करायची ताकद माझ्यात नाही आणि कुणाच्यात असेल तर तिला माझा नमस्कार. एकाच सूपाचे तीन भाग केले : दुधाळ भाजीचं सूप, उकडलेली मॅकरोनी आणि सॉसेज. पहिले दोन सगळ्यांचे. तिसरं ज्याला हवं त्यानं आपल्या वाडग्यात घ्यायचं. अत्तींनी अटी घातल्या (अत्तींच्या अटी हा आमच्या घरातला जुना विनोद आहे). सॉसेज स्वयंपाकघरात शिजणार नाही, मागच्या पडवीतल्या शेगडीवर शिजेल. त्याचं भांडं, डाव आणि घासणी वेगळी. आणि टेबलावर ते भांडं दुसऱ्या टोकाला राहील. सगळ्या अटी रास्त होत्या. सगळ्या मान्य केल्या.

आता कृती. चार-पाच माणसांचं प्रमाण देते.

साहित्य : सूपासाठी दोन मध्यम कांदे, दोन गाजरं, दोन बटाटे, सात-आठ लसूण पाकळ्या, पालकाची एक जुडी, तीन मोठे चमचे लोणी, दोन भरलेले मोठे चमचे मैदा, अडीच वाट्या सायीचं दूध (खोलीच्या तापमानाचं, फ्रीजमधून थेट नको), पाव वाटी क्रीम असल्यास, मिरपूड, चिमूटभर जायफळ, मीठ. मॅकरोनी दोन वाट्या. सकाळी भिजत घातलेले पावटे एक वाटी. सॉसेजसाठी 200 ग्रॅम चोरीस आणि एक कांदा.

घरात शिरल्या शिरल्या आधी सॉसेज शेगडीवर चढवायचं. दोरे कापा, वरचं आवरण सोडवून आतले तुकडे मोकळे करा. त्यात उभा चिरलेला कांदा आणि दोन वाट्या पाणी घालून झाकण न ठेवता मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या. झाकण नको, कारण व्हिनेगरचा थोडा उग्रपणा वाफेबरोबर निघून जातो. चोरीस कच्च्या मांसाचं असतं, नुसतं मुरवलेलं आणि सुकवलेलं. त्यामुळे वरवर परतून खाऊ नका, मांस मऊ होईपर्यंत शिजलंच पाहिजे. पाणी आटत आलं की वर लालभडक चरबी तरंगते. ती निम्मी चमच्यानं काढून वेगळ्या वाटीत ठेवा. टाकू नका, तिचं पुढे सांगते. मीठ घालायचं नाही. त्यात आधीच पुरेसं आहे, आणि घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्यानं दोन-तीन तुकड्यांवर थांबावं.

तिकडे ते शिजतंय तोवर कुकरमध्ये तळाशी पावटे आणि वरच्या डब्यात बटाटे ठेवून तीन शिट्ट्या करा. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर लोण्यावर बारीक चिरलेला कांदा आणि लसूण पांढराच राहील असा परता. लाल करू नका, सूपाचा रंग मळतो. गाजराचे बारीक तुकडे आणि चार वाट्या पाणी घालून शिजवा. उकडलेल्या बटाट्यांतला एक कुस्करून घाला, एक चौकोनी तुकडे करून घाला. कुस्करलेल्या बटाट्यानं दाटपणा येतो आणि क्रीम कमी लागतं, हे मी मुद्दाम सांगते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात क्रीमचं पाकीट आणायचं जिवावर येतं.

दुसऱ्या छोट्या भांड्यात उरलेलं लोणी वितळवून त्यात मैदा मंद आचेवर दोन मिनिटं भाजा. कच्चा वास गेला की गॅस बंद करून थोडं थोडं दूध घालत फेटा. सगळं एकजीव झाल्यावर पुन्हा गॅसवर ठेवून पिठल्यासारखं सैल, चकचकीत होईपर्यंत ढवळा. आता क्रम लक्षात ठेवा. सूपातला एक डाव गरम रस या दुधात घाला, ढवळा, मग आणखी एक डाव आणि मग हे सगळं पातेल्यात. गरमात गार एकदम ओतायचं नाही. चिरलेला पालक, जायफळ, मिरपूड, मीठ घाला. पालक दोन मिनिटांत बसतो. क्रीम असेल तर गॅस बंद केल्यावर. यानंतर सूप उकळायचं नाही, नुसतं तापवायचं. या सूपात टोमॅटो घालू नका. मोह होतो, रंगही छान येतो, पण तेही आम्लच.

मॅकरोनी स्वतंत्र भांड्यात, भरपूर खारट पाण्यात उकडा. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट कमी. चाळणीत ओतून चमचाभर तेल चोळून ठेवा. सूपातच का शिजवायची नाही? तासाभरात ती सगळा रस पिऊन फुगते आणि नऊ वाजता घरी येणाऱ्या माणसाला सूपाऐवजी खिचडी मिळते. आमच्या मोठीची पाळी दुपारची असते, ती साडेनऊला येते. वेगळी ठेवलेली मॅकरोनी, वर गरम सूप, तिलाही ताज्यासारखं मिळतं.

वाढताना वाडग्यात आधी मॅकरोनी, वर सूप. अत्तींच्या वाडग्यात डावभर शिजलेले पावटे, वर साजूक तुपात परतलेला लसूण आणि कुटलेली ब्याडगी मिरची. ब्याडगी रंग देते, फार जाळत नाही. आम्हा बाकीच्यांच्या वाडग्यात चमचा-दोन चमचे सॉसेज त्याच्या थोड्याशा रसासकट. दूध मैद्यात शिजलेलं, सूप न उकळणारं, सॉसेजचा रस एवढासा. फाटायचं काही कारणच उरत नाही. लाल तवंग पांढऱ्या सूपावर पसरतो, त्यात चमचा फिरवत खायचं. मुलं म्हणतात, हॉटेलात सगळं आधीच कालवून देतात, त्यापेक्षा हे बरं.

पहिले दोन आठवडे अत्ती आपला वाडगा घेऊन हॉलमध्ये जायच्या. कुणी काही म्हटलं नाही. तिसऱ्या खेपेला खिडकीकडच्या खुर्चीवर बसल्या, वारा पाठीमागून येईल अशा. अजूनही मधेच पदर नाकाला लागतो. तो लागणारच, सत्तर वर्षांची सवय आहे आणि ती बदलायला कुणी सांगितलेलंही नाही. पण बसतात. धाकट्याच्या शाळेतल्या भानगडी त्यांना आता माझ्याआधी कळतात. एकदा मधेच म्हणाल्या, 'सारु छलो आगैति.' त्यांच्या लेखी हे अजूनही सारुच आहे.

आणि त्यांनी यात एक भर घातली जी मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. इंग्रजी पद्धतीत सूपावर तळलेल्या पावाचे तुकडे टाकतात. अत्तींनी डब्यातली कडक ज्वारीची भाकरी, आपली खटक रोट्टी, हातानं चुरून सूपात टाकली. दोन मिनिटं भिजू दिली आणि मग खाल्ली. पालक, पावटे आणि भिजलेली भाकरी. त्या तोस्कानातल्या शेतकऱ्यांचं, बिया आणि पावाचं सूप त्यांनी बैलहोंगलच्या रीतीनं घरात आणलं, आणि तेही इटलीचं नाव न घेता. आता आम्ही सगळेच चुरतो. सॉसेजवाल्या वाडग्यात मात्र गोव्याची पोई भाजून जास्त छान लागते, हे माझं मत. मिळाली नाही तर साधा पाव तव्यावर कडक करा.

डुकराचं मांस चालत नसेल, आणि आपल्याकडच्या कितीतरी मटण खाणाऱ्या घरांत ते चालत नाही, तर 250 ग्रॅम कोंबडीचा खिमा घ्या. त्यात एक चमचा जाडसर कुटलेली बडीशेप, तीन लसूण पाकळ्या, अर्धा चमचा मिरपूड, ब्याडगीचं भरड तिखट आणि मीठ घालून कालवा. अर्धा तास मुरू द्या. मग थोड्या तेलात, फार न हलवता, लालसर आणि कोरडा होईपर्यंत परता. खरं सांगायचं तर मूळ अमेरिकन सूपाच्या चवीच्या जवळ चोरीसपेक्षा हाच जातो, कारण बडीशेप. यात व्हिनेगर नाही, त्यामुळे सूपातच घातला तरी चालेल, पण घरात शाकाहारी माणूस असेल तर वेगळाच ठेवा. दुकानातली तयार चिकन सॉसेजेस घाईच्या दिवशी ठीक आहेत. चकत्या करून लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस करा, नाहीतर ती सूपात रबरासारखी लागतात. तिखट आवडणाऱ्यांनी ब्याडगीबरोबर एखादी संकेश्वरी मिरची घालावी, पण एकच.

श्रावणात आणि सोमवारी आमच्याकडे तिसरं भांडं निघतच नाही. सगळे पावटेवाला वाडगा खातात. पावटे नसतील तर राजमा किंवा हरभरे. त्या दिवशी दुधाऐवजी नारळाचं घट्ट दूध वापरून पाहा. ते दुधासारखं फाटत नाही, जोरात उकळलं तर मात्र तेल वेगळं दिसतं, म्हणून शेवटीच घाला. आंटी चोरीसच्या सूपातही नारळाचंच घालतात आणि माझं दूध-मैद्याचं प्रकरण त्यांना उगाच साहेबी वाटतं. त्यांचं खाऊन झाल्यावर मलाही तसं वाटतं, दुसऱ्या दिवशी विसरते.

उरलेलं सूप, मॅकरोनी आणि सॉसेज तीन वेगळ्या डब्यांत, निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये. दोन दिवसांत संपवा. सूप गार झालं की पिठल्यासारखं घट्ट होतं, घाबरू नका, अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत सैल करा.

राहिली ती वाटीतली लाल चरबी. ती झाकून फ्रीजमध्ये ठेवली की वर मेणासारखी गोठते. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतल्या त्याच शेगडीवर, त्याच भांड्यात, चमचाभर वितळवून त्यात कालचा भात परतायचा. वरून एक अंडं फोडायचं आणि कांदा बारीक चिरून घालायचा. शाळेच्या डब्यात हा भात गेला की डबा चाटूनपुसून परत येतो. फक्त डब्याचं झाकण घट्ट लावा. वासानं वर्गातली निम्मी मुलं मधल्या सुट्टीआधीच भुकेली होतात, असं आमच्या धाकट्याच्या बाई पालकसभेत सांगत होत्या.